नकाशावरचा पांढरा तुकडा

मे संपत आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ती यादी येते. या पावसाळ्यात खाडीला मोठं उधाण कोणकोणत्या दिवशी, किती वाजता, किती मीटरचं. कोणी खाली हात जोडल्याची चित्रं टाकतं, कोणी 'बेसमेंटमधल्या गाड्या वर काढा' असं बजावतं, सेक्रेटरी 'पंप तपासून घेतला आहे, कोणी टेन्शन घेऊ नये' असं कळवून मोकळे होतात. नेरुळच्या आमच्या इमारतीत ही यादी सगळे काळजीने वाचतात. मी ती मत्सराने वाचते.

हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. हेवा म्हटलं की त्यात थोडं लाडिकपण येतं, मैत्रिणीच्या साडीचा वाटावा तसं. असूया म्हटलं की अगदी पुस्तकी वाटतं. मला होतो तो साधा, घरगुती मत्सर. पोटात दुखतं, जेवण जात नाही, आणि कोणी त्या माणसाचं कौतुक केलं की 'हो ना, हुशारच आहे ती' हे म्हणताना जबडा आवळतो. यादीतल्या तारखा मी बोटाने खाली सरकवत जाते आणि तीन वर्षांपूर्वीचा तो पावसाळा पुन्हा सगळाच्या सगळा समोर येतो.

तेव्हा मी ऐरोलीला एका सल्लागार कार्यालयात होते. काचेची इमारत, सातवा मजला, आणि बाहेर कितीही ओलं असो, आत एसीची कोरडी थंडी. जुलैत सगळ्यांच्या छत्र्या जिन्यापाशी उघड्या वाळत पडलेल्या असायच्या आणि गालिच्याला कुबट वास यायचा. हवामान बदलाला देशाने कसं तोंड द्यायचं, त्याचा राष्ट्रीय आराखडा तयार होत होता. किनाऱ्यावरच्या शहरांपैकी नवी मुंबईचा मजकूर आमच्याकडे आला होता. मजकूर म्हणजे किती, तर दीड पान आणि एक नकाशा. सोबत एक यादी, पूरसंरक्षणाची कामं पहिल्या टप्प्यात कुठे घ्यायची त्या जागांची. एवढ्या मोठ्या देशाचं काम आणि आमच्या वाट्याला दीड पान! पण त्या दीड पानावर माझा जीव होता. सव्वीस वर्षं मी या शहराचं पाणी मोजत आले होते. माझ्याइतकं हे पाणी कोणाला माहीत आहे, असं मला वाटायचं, आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

या शहराची रचना समजायला सोपी आहे. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला खाडी, मधली बरीचशी जमीन खाडीकडून हट्टाने मागून घेतलेली. डोंगरावरचं पाणी नाल्यांतून खाडीकडे धावतं. ओहोटी असेल तर खाडी ते मुकाट्याने घेते. भरती असेल तर दारातूनच परत पाठवते. म्हणून मध्ये पाणी थोपवून धरायला मोठे तलाव ठेवले, आणि त्यांच्या तोंडाशी झडपा, ओहोटीला आपोआप उघडणाऱ्या आणि भरतीला मिटणाऱ्या. झडप गंजून उघडीच राहिली किंवा तलाव गाळाने भरला, की खाडी घरात येते. बाकी सगळे तक्ते आणि आलेख म्हणजे याचाच विस्तार.

मग मृण्मयी आली. एकतीस वर्षांची, सांगलीची, बोलायला मोकळी, कोणाच्याही डब्यात न विचारता हात घालणारी. माझं तिच्याबद्दल पहिल्या आठवड्यात काही वाईट मत नव्हतं. ते दुसऱ्या आठवड्यात झालं. तिच्याकडे स्वतःचा पूर होता. लहानपणी तिच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं होतं आणि तिला गॅलरीतून होडीत उतरवलं होतं. बैठकीत कोणीतरी विषय काढायचंच, ती दोनच वाक्यं बोलायची आणि सगळी खोली गप्प व्हायची. मी गिरगावात वाढले. आमच्याकडे नळाला पाणी येत नाही एवढीच आपत्ती. सव्वीस वर्षांच्या नोंदींपुढे ती दोन वाक्यं जड का ठरावीत, हे मला आजही कोणी समजावून सांगावं.

संचालकांनी नकाशाचं काम तिला दिलं. मला म्हणाले, "अलकाताई, तुम्ही मोजमापं बघा. तुमच्यासारखी मोजमापं आपल्याकडे कोणाचीच नाहीत." कौतुक करून माणसाला बाजूच्या खुर्चीत कसं बसवतात, ते मी त्या दिवशी पाहिलं.

तळवलीला आम्ही दोघी मिळून गेलो. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचं हे जुनं गाव मी बारा वर्षं ओळखत होते. हिराजीदादांना तर नक्कीच. पूर्वीचे शेतकरी, आता चार मजली घराचे मालक, वरचे मजले भाड्याने. गावातला रस्ता डांबराचे थर घेत घेत वर आला होता आणि घरं जिथल्या तिथे राहिली होती, त्यामुळे त्यांच्या ओटीवर जायला दोन पायऱ्या उतराव्या लागत. मी दर पावसाळ्यानंतर तिथे जायचे, पाणी कुठवर आलं ते विचारायचे, भिंतीवर तेलरंगाने खूण करायचे, फोटो काढायचे आणि निघायचे. दादा मला 'मॅडम' म्हणायचे. मला त्यात मान वाटायचा.

मृण्मयी पायऱ्या उतरली, चपला काढल्या, आणि "दादा, तुमच्या वेळी इथे काय होतं हो?" एवढंच म्हणाली.

"बस पोरी, बस. च्या घेशील ना?" दादा म्हणाले. पोरी! पहिल्या भेटीत!

चहा आला आणि बारा वर्षांत मला न सांगितलेलं सगळं दादांनी तिला सांगितलं. "पयले खाडीच्या कडंला आमचा बांद होता. आत भातशेती. चिंबोरी बांदान बीळ करची, त्यातना पानी झिरपाचं, न झिरपता झिरपता खांड जायाची." चिंबोरी म्हणजे खेकडे, आणि खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. एकदा खांड गेली की खारं पाणी शेतात, आणि मग तीनचार वर्षं त्या जमिनीत दाणा नाही.

"मग कोण बुजवायचं?" तिने विचारलं.

"कोन म्हंजे? घरटी एक मानूस, पावडा घेऊन. न ज्याला पयलं बीळ दिसंल त्यानं तितूनच हाळी द्याची. कोनाचे शेताम्होरं हाय ते बगाचं नाय. वैर असू दे नायतर काय पन असू दे."

"आणि कोणी बघून गप्प राहिलं तर?"

"तसा मानूस आमच्या गावान नवता," दादा म्हणाले. मग स्वतःशीच हसले. "असंल तर तो सांगल कशाला?"

मृण्मयी खळखळून हसली. मी भिंतीवरच्या माझ्या जुन्या खुणा बघत उभी होते. बारा खुणा, प्रत्येकीपुढे माझ्या अक्षरात तारीख. त्यांच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

त्या जुलैत मी तळवलीच्या नाल्याच्या तोंडाशी तासन् तास उभी असायचे. हे सांगताना माझा आवाज जरा चढतो, चढू दे. खारफुटीतून जाणारी चिखलाची वाट, गुडघ्यापर्यंतचे बूट, एका हातात छत्री आणि एका हातात वही. कुजलेल्या पानांचा आणि मिठाचा मिळून एक वास येतो तिथे, कपडे धुतल्यावरही तो जात नाही. चिखलात निवट्या, बोटाएवढे मासे, टणाटण उड्या मारतात. मोजपट्टीवरचं पाणी बोटभर चढलं की नोंद, पुन्हा बोटभर चढलं की नोंद. भरतीचं पाणी पुढे सरकताना आवाज करत नाही, फक्त नाल्याचं वाहणं हळूहळू थांबतं आणि मग तो उलटा वाहू लागतो. तो क्षण मला फार आवडायचा. तिथे मी कोणाशी भांडत नव्हते.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. भरतीच्या कोष्टकातला शून्य आणि जमिनीच्या नकाशातला शून्य वेगळे असतात. कोष्टक मोजायला सुरुवात करतं ते ओहोटीला पाणी सगळ्यात खाली जातं तिथून. नकाशा सुरुवात करतो समुद्राच्या सरासरी पातळीपासून. दोघांत माणसाच्या उंचीहून जास्त अंतर. म्हणून भरतीचा आकडा नकाशावर न्यायचा, तर आधी त्यातून तेवढं वजा करायचं. आमच्यात हे बाळबोध समजलं जातं, आणि आमच्या लोकांच्या सगळ्यात लाजिरवाण्या चुका इथेच होतात. आमच्याकडे पाच ठिकाणचे आकडे होते. चार कोष्टकातून घेतलेले, पाचवे तळवलीचे, कोष्टकाच्याच शून्यावर लावलेल्या पट्टीवर मी मोजलेले. ती वजाबाकी मी नाल्यावर उभ्या उभ्या करून टाकायचे आणि जमिनीच्या शून्यावर आणलेलेच आकडे वहीत उतरवायचे. सव्वीस वर्षांची सवय.

आकडे मृण्मयीला द्यायचे ठरले. माझ्या तक्त्यात आकड्यांशेजारी शेऱ्यांचा एक लांबच लांब रकाना असे. वारा कुठला, पट्टीला शेवाळ किती, नाल्यात कचरा अडकला होता का, सगळं. माझं खरं काम त्या रकान्यात असायचं. ती फाईल पाठवण्याआधी माझ्या मनात आलं, हे सगळं आता तिच्या नकाशाखाली जाणार, आणि वर नाव तिचं. मी तो रकाना निवडला आणि उडवला. उघडेबोडके आकडे पाठवून दिले. घे म्हटलं, आणि काढ नकाशा.

आठवड्याने तो पडद्यावर आला. पाणी येणारे भाग निळे, न येणारे पांढरे. वाशी निळी, नेरुळचा खाडीकडचा पट्टा निळा, घणसोलीची एक कड निळी. आणि त्या कडेला लागून तळवली पांढरीशुभ्र. संचालक "व्वा" म्हणाले. मला दोन मिनिटांत कळलं. तिने पहिल्या ओळीत वजाबाकीचं सूत्र लिहिलं होतं आणि ते पाचही ओळींवरून खाली ओढलं होतं. तळवलीची वजाबाकी दोनदा झाली होती. खाडी कागदावर माणूसभर आणखी खाली गेली आणि दादांचं घर कोरडं पडलं.

त्या क्षणी मला काय वाटलं ते स्वच्छ लिहिते. आनंद झाला. इतका, की दुपारी माझ्या डब्यातली वालाची उसळ मी मृण्मयीला आग्रहाने वाढली. तिला ती फार आवडली.

पांढरा रंग म्हणजे तळवलीचं नाव पहिल्या टप्प्याच्या यादीत नाही. नाव नाही म्हणजे नव्या झडपा नाहीत, पंप नाही, नाल्याचं तोंड मोकळं करणं नाही. पुढचा टप्पा कधी, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. दिल्लीच्या लोकांबरोबर शुक्रवारी बैठक होती, पडद्यावरून, आणि यादी तिथे पक्की व्हायची होती. मी ठरवलं, आत्ता बोलायचं नाही. शुक्रवारी, सगळ्यांसमोर, अगदी सौम्य आवाजात त्या पांढऱ्या तुकड्यावर बोट ठेवायचं. "मृण्मयी, हे जरा बघतेस का?" हे वाक्य मी आंघोळ करताना, भाजी निवडताना, रिक्षात बसल्यावर म्हणून पाहत होते. दादांचं बोलणं मधूनच आठवायचं. तेव्हा मी स्वतःला सांगायचे की मी कुठे गप्प राहणार आहे, मी फक्त शुक्रवारपर्यंत थांबते आहे.

बुधवारी दुपारी उधाण होतं आणि त्याच वेळी पावसाने जोर धरला. सातव्या मजल्यावरून काही दिसेना. मृण्मयीचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला, कारण ती काहीतरी खात होती.

"पोरी," दादांचा आवाज, मागे बायकांचा आरडाओरडा आणि भांडी सरकवल्याचे आवाज, "घरान गुडग्याएवरं पानी हाय. भाडेकरूंना वर घेतलंय. तुजा नकाशा झाला ना? त्यान आमी कंचे रंगाचे?"

तिने पडद्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहत होते. तिचा खाणारा हात खाली आला. "दादा, मी... मी बघून सांगते," ती म्हणाली आणि फोन ठेवून तशीच फाईल उघडून बसली. पाच ओळी. तिला पाव तासही लागला नाही.

मग ती माझ्या टेबलाशी आली. चेहरा उतरलेला. "अलकाताई, तळवलीचे आकडे तुम्ही जागेवरच जमिनीच्या शून्यावर आणले होते का?"

"हो. मी नेहमीच आणते."

"मग तुमच्या तक्त्यात तसा काही शेरा होता का? माझ्याकडून पाहायचा राहिला का?"

तेव्हा मला आठवलं. तोपर्यंत खरंच आठवलं नव्हतं, यावर कोणी विश्वास ठेवो न ठेवो. वही माझ्या खणात होती आणि तिच्यात, शेऱ्यांच्या रकान्यात, वरून पहिल्याच ओळीला माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'वजाबाकी केली आहे. पुन्हा करू नये.' फाईलमध्येही तो शेरा होता, आणि तो रकाना मी उडवला होता. चार दिवस मी जिच्या चुकीवर जगत होते, ती चूक माझ्याच हातची होती.

"नाही," मी म्हटलं. "शेरा वगैरे नव्हता."

"मग मी विचारायला हवं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "सॉरी हं." आणि रेनकोट चढवून तळवलीला निघून गेली. मी खण उघडला नाही. समोरच्या काचेवरून पाणी ओघळत होतं, ते पाहत बसले.

शुक्रवारी मी ठेवणीतली साडी नेसून गेले होते. कशाला, देव जाणे. पडद्यावर दिल्लीचे चेहरे आले, नमस्कार चमत्कार झाले, आणि कोणी काही म्हणायच्या आत मृण्मयी उभी राहिली. बसूनच बोलायचं असतं अशा बैठकीत, पण ती उभी राहिली. "सुरू करण्याआधी एक सांगायचं आहे. आम्ही पाठवलेल्या नकाशात चूक आहे. एक गाव कोरडं दाखवलंय, ते कोरडं नाही. परवा मी तिथे पाण्यात उभी होते. चूक माझी आहे." मग तिने शून्य, वजाबाकी, ओढलेलं सूत्र, सगळं सांगितलं. दुरुस्त नकाशा दाखवला. माझं नाव एकदाच घेतलं, मूळ मोजमापं किती काटेकोर होती ते सांगताना.

मी टेबलाच्या कडेचा निघालेला सनमायका नखाने खरवडत होते. तळवली पहिल्या टप्प्यात गेली. दिल्लीच्या बाई म्हणाल्या, असं स्वतःहून सांगणारी माणसं आम्हाला हवी आहेत, आणि ही चूक इतर शहरांच्या नकाशांतही असणार, ती कोण शोधणार? पाच महिन्यांनी मृण्मयी दिल्लीला गेली. किनाऱ्यावरच्या एकेका शहराचे शून्य तपासायला. निरोपाच्या दिवशी तिने मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "ताई, मोजायचं कसं ते तुमच्याकडून शिकले." तिला माहीत होतं का? माझी वही तिने कधी पाहिली होती का? मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

आता मी निवृत्त आहे. तळवलीच्या नाल्यावर नव्या झडपा बसल्या. मागच्या पावसाळ्यात एका उधाणाला मी मुद्दाम पाहून आले. पाणी चढलं तशा त्या धपकन मिटल्या आणि खाडी बाहेरच राहिली. परत येताना दादांकडे डोकावले. ओटी कोरडी होती. "ये मॅडम," ते म्हणाले. "आमची पोरगी दिल्लीला हाय. फोन करते बघ. परवाच इचारत होती, अलकाताई कशा हायेत." मी चहा घेतला. भिंतीला नवा रंग लावला होता आणि माझ्या सगळ्या खुणा त्याखाली गेल्या होत्या. दादांना म्हटलं, बरं केलंत.

जुन्या कार्यालयातल्या मैत्रिणींना वाटतं, मला मृण्मयीच्या दिल्लीचा मत्सर वाटतो. वाटतो, नाही कशाला म्हणू? दादांच्या 'पोरी'चा तर त्याहून जास्त वाटतो. पण उधाणाची यादी आली की जे पोटात दुखतं, ते निराळंच आहे. त्या शुक्रवारी पंधरावीस माणसांसमोर ती उभी राहिली आणि 'चूक माझी आहे' म्हणून मोकळी झाली. ते वाक्य तिचं नव्हतं. माझं होतं, आणि तिच्यासमोर ते मला अजून म्हणता आलेलं नाही.